सूनबाईचा डावा हात

सूनबाईच्या हाताबद्दल गावात तीन गोष्टी सांगितल्या जात, आणि तिन्ही तिच्या सासऱ्याने पसरवलेल्या होत्या. पहिली अशी, की पलीकडच्या गावात कुणी अक्रोड फोडला तर इकडे तिचा हात फुगतो. दुसरी अशी, की एकदा तो इतका फुगला की घड्याळाचा पट्टा तुटून शेजाऱ्याच्या अंगणात पडला आणि शेजाऱ्याने तो अजून परत केलेला नाही. तिसरी अशी, की टपालवाला पिशवीत अक्रोडांचं पार्सल घेऊन निघाला की तो वेशीवर असतानाच हिला शिंका सुरू होतात.

खरं एवढंच होतं, की तिला अक्रोड बाधत असे. लहानपणी अर्धा खाल्ला होता. ओठ सुजले, अंगभर पित्त उठलं, श्वास घेताना शिट्टी वाजायला लागली आणि बापाने तिला सायकलवर घालून दवाखान्यात नेलं. त्यानंतर तिने अक्रोडाला बोट लावलं नव्हतं. पण आबाला, म्हणजे तिच्या सासऱ्याला, नुसती खरी गोष्ट शिळ्या पावासारखी वाटे. वर काहीतरी फासल्याशिवाय ती त्याच्या घशाखाली उतरत नसे.

हीच गोष्ट त्याने बियाणे केंद्राच्या ओट्यावर बसून फासली, आणि ती नेमकी चाचणीसाठी बाहेरून येणाऱ्या तपासनीस बाईंच्या कानावर गेली.

त्याचं असं झालं. तीन वर्षं पाऊस येतो येतो म्हणून हुलकावण्या देत होता. गावाजवळच्या विहिरी बसल्या. टेकडीमागची जुनी विहीर तेवढी तग धरून होती, पण ती, आबाच्या म्हणण्यानुसार, इतकी लांब होती की जाताना पायात घातलेली नवी चप्पल परत येईपर्यंत झिजून नुसता अंगठा उरायचा. अशा दिवसांत केंद्राने आबाचं खालचं दोन एकराचं शेत चाचणीसाठी घेतलं. नवा दाणा लावायचा होता. घेवड्यासारखाच दाणा, पण त्यात अक्रोडाच्या झाडातला एक गुण घातलेला. दाणा जास्त पौष्टिक व्हावा, हा हेतू. शेताला जाळीचं कुंपण आलं, भोवती साध्या घेवड्याच्या चार ओळी आल्या, प्रत्येक रोपाला नंबराची पट्टी आली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, केंद्राच्या बोअरपासून काळ्या रबराचा पाईप आला. पाईपाला एक तोटी घराच्या मागच्या बाजूला काढून दिली होती. भाजीचा वाफा, दोन म्हशी, घरची चार माणसं, सगळं त्या तोटीवर चाललं होतं.

दाणा पास झाला तर पाईप राहणार होता आणि वरचं शेतही घेणार होते. दाणा नापास झाला तर सगळी रोपं उपटून जाळायची, शेत दोन वर्षं तसंच पडीक ठेवायचं, चुकून उगवलेला एकेक कोंब शोधून काढायचा, आणि पाईप गुंडाळून केंद्राच्या गाडीत.

पास-नापास ठरायचं ते अक्रोड बाधणाऱ्या माणसांच्या हातांवर. दाण्याचा थेंब टोचून एकाच्याही हातावर चट्टा उठला, की दाणा नापास. आठ माणसं लागायची. सात इकडून तिकडून मिळाली. आठवं माणूस आबाने ओट्यावर बसून स्वतःच्या तोंडाने दिलं.

"मॅडम, आमच्या सूनबाईसारखा हात तुम्हाला सात समुद्रापलीकडे मिळायचा नाही," असं तो म्हणाला होता. बाईंनी लगेच वही काढली. तेव्हा त्याला फार आनंद झाला होता.

*

पहिल्या वेळी सूनबाई धुतलेली साडी नेसून केंद्राच्या गोदामातल्या काटाघरात जाऊन बसली. काटाघर म्हणजे पोती तोलायची खोली. मोठा काटा भिंतीला सरकवून तिथं टेबल टाकलं होतं, टेबलावर छोट्या बाटल्यांची रांग, कापूस, श्वास अडकलाच तर द्यायची एक भरून ठेवलेली सुई, आणि मिलिमीटरची पट्टी. खिडकीच्या गजांना बाहेरून सात-आठ तोंडं चिकटली होती.

तपासनीस बाई बारीक अंगाच्या, चष्म्याच्या, आणि कायम प्रवासात असल्यासारख्या थकलेल्या. त्यांनी विचारलं, "गेल्या आठ दिवसांत सर्दीची, खाजेची, ॲलर्जीची काही गोळी?"

सूनबाई टेबलावरच्या कापसाकडे बघायला लागली.

"घेतलीय?"

"दोन. परवा."

"कशासाठी?"

"डोळे चुरचुरत होते. धूळ."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "गोळीनं हात झोपतो. झोपलेल्या हाताला काय विचारणार? आठ दिवसांनी या."

खिडकीतून कुणीतरी म्हणालं, "वहिनी, एवढी साडी नेसून आलात आणि फुकट गेलं बघा." सगळे हसले. सूनबाईने पदर आवळला आणि मान खाली घालून घरापर्यंत चालत आली.

धूळ कसली, ते तिने कुणाला सांगितलं नाही. वाळलेल्या शेंगा पत्र्याच्या शेडमध्ये आणायच्या, गोणपाटावर पसरायच्या, दांडक्याने झोडायच्या, दाणे निवडायचे, आणि रोपाच्या नंबराप्रमाणे पिशवीत घालून तोलायचे, हे काम तिचं होतं. साधा घेवडा झोडताना तिला काही होत नसे. नवा दाणा झोडायला लागली की पहिल्यांदा नाकाचा शेंडा खाजायचा, मग पापण्या जड व्हायच्या, मग मनगटावर बारीक पित्त उठायचं. ती नवऱ्याच्या पत्र्याच्या डब्यातली गोळी घ्यायची, तोंडावर पाणी मारायची आणि परत दांडकं उचलायची. पाणी त्याच तोटीचं असायचं.

दुसऱ्या वेळी बाईंची गाडी वाटेत बंद पडली आणि थंड पेटीतला बर्फ वितळला. बाटल्या कोमट झाल्या. बाईंनी एकेक बाटली गालाला लावून पाहिली आणि पुन्हा पेटीत ठेवली.

"नाही चालणार. आठ दिवसांनी."

"अहो मॅडम, थेंब गरम झाला तर हात जरा गरम गरम उठेल, त्यात काय?" आबा म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. त्या आबाच्या कुठल्याच गोष्टीला हसत नसत, आणि हे त्याच्या मनाला फार लागत असे.

एव्हाना सूनबाईच्या डाव्या हाताला गावाने आपलं मानून टाकलं होतं. दुकानात मीठ आणायला गेली तर दुकानदार म्हणे, "उजव्या हातानं घ्या वहिनी, डावा जपा." बियाण्याचा साहेब, म्हणजे केंद्राचा तरुण अधिकारी, रोज मोटारसायकल थांबवून विचारी, "कसा आहे हात?" जणू हात पाहुणा म्हणून त्यांच्या घरी उतरला होता आणि ती त्याची मोलकरीण होती. साहेबाचाही जीव त्या दाण्यात अडकला होता. पाच वर्षं तो त्याच्यामागे होता. रोपांशी बोलतो असं आबा सांगत असे, आणि ही एकच गोष्ट त्याने पदरची काही न घालता सांगितली होती.

घरात तर उजाडल्यापासून हाच विषय. नवरा पंप दुरुस्त करणारा, गावभर त्याला पंपवालाच म्हणत. तो कमी बोलायचा, पण पाना शोधता शोधता म्हणायचा, "उठायला नको म्हणजे झालं."

"माझ्या हातात आहे का ते?" ती म्हणायची.

"तुझ्याच तर हातात आहे," आबा म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. ती हसायची नाही. घरात न हसणारी माणसं वाढत चालली होती.

सासूबाई मात्र या सगळ्यात काही बोलत नसत. त्या चुलीपुढे बसून नुसत्या तोटीच्या दिशेने बघत. टेकडीमागच्या विहिरीवरून पाणी आणून आणून त्यांची कंबर गेली होती, आणि पाईप आल्यावर दोन वर्षांत ती थोडी सरळ झाली होती. कुणालाही न सांगता त्यांनी एक गोष्ट ठरवली. पहिल्या वेळी बाई काय म्हणाल्या ते त्यांनी नीट ऐकलं होतं. गोळीने हात झोपतो.

*

तिसऱ्या वेळेच्या आधीचे तीन दिवस सूनबाईला विलक्षण झोप आली. खुरपं हातात धरून ती ओळीत बसल्या बसल्या पेंगायची. एकदा म्हशीच्या पाठीला टेकून उभी राहिली आणि म्हैस पुढे गेली तशी खाली बसली. पापण्या मात्र हलक्या होत्या, नाक खाजत नव्हतं.

"चहा घे, चहा," सासूबाई म्हणायच्या आणि स्वतः पेला हातात आणून द्यायच्या. लग्न होऊन आठ वर्षं झाली, सासूने चहा हातात आणून देण्याची ही पहिलीच वेळ होती. सूनबाईला भरून आलं. चहा जरा कडू लागत होता, पण अशा चहाला कुणी नावं ठेवतं का?

काटाघरात त्या दिवशी गर्दी मावत नव्हती. बाईंनी सूनबाईचा डावा हात टेबलावर उताणा ठेवला, कोपरापासून मनगटापर्यंत कापसाने पुसला आणि पेनाने पाच आकडे लिहिले.

"एक नंबर, नुसतं पाणी. इथं काही उठायला नको. दोन नंबर, खाजेचा थेंब. हा सगळ्यांचाच उठतो. तीन, अक्रोड. चार, साधा दाणा. पाच, नवा दाणा. टोचेन, पंधरा मिनिटं थांबू. खाजवायचं नाही. घशात काही वाटलं तर लगेच सांगायचं."

पाच थेंब ठेवले, पाच वेळा बारीक टोचलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे सगळं गाव बघायला लागलं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. हात जसा होता तसा. सूनबाईने एक जांभई दिली.

पंधराव्या मिनिटाला आबाने वाकून पाचव्या आकड्याकडे पाहिलं आणि खिडकीकडे वळून दोन्ही हात वर केले. "पास!"

बाहेर शिट्ट्या वाजल्या. पंपवाल्याने साहेबाचा हात धरला. साहेबाने डोळे मिटून घेतले.

बाई आकड्यांकडेच बघत होत्या. "दोन नंबर का नाही उठला?"

"चांगलंच की," आबा म्हणाला.

"चांगलं नाही. अक्रोडही नाही उठला. हा दोन नंबरचा थेंब मला लावला तर मला उठतो, तुम्हाला लावला तर तुम्हाला उठतो. दगड सोडून सगळ्यांना उठतो."

खोलीत शांतता झाली. आबाला काही कळलं नव्हतं, पण शांतता पडली की ती भरून काढायची त्याची सवय होती.

"मॅडम, आमच्या घराण्याची कातडीच तशी आहे. माझ्या चुलत्याला एकदा गांधीलमाशी चावली, तर माशीची नांगी वाकली. बिचारी ती सरळ करून घ्यायला लोहाराकडे गेली. लोहार म्हणाला, रांगेत थांब, तुझ्या आधी तीन आहेत."

खिडकी खदखदून हसली. बाईंनी चष्मा काढून पुसला.

"सूनबाई तुमच्या घराण्यात जन्मल्या नाहीत ना, आबा?"

हसू बंद झालं. आबाने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. गावाने हे पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"गोळी घेतलीय," बाई सूनबाईला म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण त्यात तीन खेपांचा प्रवास होता. "मी दीडशे किलोमीटर येते. मला खोटं कशाला सांगता?"

"मी नाही घेतली."

"हात खोटं बोलत नाही."

"मी नाही घेतली हो!" सूनबाई ओरडली. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं, पाच आकडे लिहिलेल्या हाताकडे, आणि तिला तो हात लपवायला जागा सापडत नव्हती.

*

घरी येऊन तिने पत्र्याचा डबा काढला. दहा गोळ्यांचं पाकीट. या नव्या पाकिटातल्या दोनच तिने घेतल्या होत्या, आठ राहायला हव्या होत्या. दोनच होत्या. तिने पाकीट तसंच उचललं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. सासूबाई पेला धुत होत्या.

"आई, चहा कडू होता."

सासूबाईंनी पेला उलटा ठेवला. त्यांनी नाही म्हटलं नाही.

"रोज दोन?"

"कुटून," सासूबाई म्हणाल्या. "तुला काही झालं तर नाही ना? उलट झोप लागली चांगली."

पंपवाला आत आला, आबा मागून आला. पाकीट सगळ्यांना दिसलं. आबा बायकोकडे बघत राहिला. चाळीस वर्षं तो गावभर थापा मारत हिंडला होता, आणि घरातली सगळ्यात मोठी थाप बायकोने तोंड न उघडता मारली होती.

"आई, हे काय केलंस?" पंपवाला म्हणाला.

"काय केलं? तू कधी दोन घागरी आणल्यास टेकडीवरून? तुझ्या बापानं आणल्या? ते विहिरीच्या गोष्टी सांगतात, पाणी मी आणते." त्यांचा हात कंबरेवर गेला. "एक तोटी मिळाली आयुष्यात. ती तिच्या हातावरच्या एवढ्याशा ठिपक्यावरून जाणार?"

सूनबाई खाली बसली. बराच वेळ ती पाकिटाची चांदी नखाने सरळ करत राहिली.

"तो ठिपका उठणार आहे," ती म्हणाली. "मला माहीत आहे. रोज उठतो. शेंगा झोडताना डोळे सुजतात, नाक बंद होतं. साध्या दाण्याला नाही होत, नव्याला होतं. त्या दोन गोळ्या धुळीसाठी नव्हत्या."

"मग बोलली का नाहीस?" पंपवाला म्हणाला.

"कुणाला बोलू? रोज सकाळी हात कसा आहे विचारता. मी कशी आहे ते विचारलं कुणी?"

 मागे तोटीतून थेंब थेंब पाणी बादलीत पडत होतं आणि त्याचाच आवाज घरभर येत होता. पंपवाला उठला आणि जाऊन तोटी घट्ट करून आला. आल्यावर म्हणाला, "उद्यापासून शेंगा मी झोडतो."

"झोडा. आणि आठ दिवस माझा चहा मीच करून घेईन."

सासूबाईंनी तोंड फिरवलं. पण त्या आठ दिवसांत त्यांनी तिच्या पेल्याला हात लावला नाही, आणि एकदा तर पेला चुलीजवळ पडलेला दिसला तेव्हा लांबूनच म्हणाल्या, "तुझा पेला उचल बाई, नाहीतर पुन्हा माझ्यावर येईल."

*

चौथ्या वेळी खिडकीत कुणी नव्हतं. वाट बघून गाव कंटाळलं होतं. सूनबाईबरोबर घरचं माणूस साक्षीला लागायचं. पंपवाला शेडमध्ये होता, म्हणून आबा आला. 

बाईंनी आठ दिवसांचं विचारलं. "गोळी?"

"नाही."

"नक्की?"

"मॅडम, या वेळी चहासुद्धा माझ्या हातचा आहे."

बाईंना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी पुढे विचारलं नाही. पाच आकडे, पाच थेंब, पाच टोचे.

तिसऱ्या मिनिटाला दोन नंबरभोवती लाली आली. पाचव्याला तीन नंबर, अक्रोडाचा, डास चावल्यासारखा पांढरा फुगला आणि फुगतच राहिला. चार नंबर, साधा दाणा, गप्प. मग पाच नंबरची कड उचलली. आबा वाकून बघत होता. त्याला वाटलं, थांबेल. ती थांबली नाही. जाळीच्या आतल्या दोन एकरावर आपोआप पाणी पसरावं तशी ती हळूहळू, घाई न करता पसरली.

"खाजतंय," सूनबाई म्हणाली.

"खाजवू नका. अजून सहा मिनिटं."

तिने उजव्या हाताने टेबलाची कड धरली. खाज वर चढत होती, कोपराच्या खळगीत, खांद्यात. दोन मिनिटांनी ती खाकरली. पुन्हा खाकरली. मग तिच्या श्वासात एक बारीक शिट्टी ऐकू आली.

बाईंची खुर्ची मागे पडली. भरून ठेवलेली सुई त्यांनी साडीवरूनच मांडीत टोचली आणि आबाला म्हणाल्या, "खांदे धरा, पुढे वाकू देऊ नका. सूनबाई, माझ्याकडे बघा. हळू. आत. बाहेर."

आबाने खांदे धरले.  शिट्टी येत होती, थांबत होती, परत येत होती. शिंकांची गोष्ट, घड्याळाच्या पट्ट्याची गोष्ट, सगळ्या त्याच्याच गोष्टी त्या छोट्या खोलीत उभ्या राहून त्याच्याकडे बघत होत्या. कितीतरी वेळाने, घड्याळात चारच मिनिटांनी, शिट्टी बारीक झाली आणि विरली.

"टोचण्यानं एवढं होणं क्वचित," बाई घाम पुसत म्हणाल्या. मग त्यांनी चट्ट्यांच्या कडा पेनाने गिरवल्या, वर पारदर्शक चिकटपट्टी दाबली, उचलली आणि कागदावर चिकटवली. निळी वेडीवाकडी वर्तुळं कागदावर आली. त्यांनी पट्टी लावली. "अक्रोड चौदा. नवा दाणा अकरा. तीनच्या पुढे म्हणजे बाधतो." त्या थोडं थांबल्या. "आमच्याकडे बाटलीत पोटासारखा रस करून त्यात पण टाकून पाहिला होता हा दाणा. इतर गोष्टी मिनिटात विरघळतात. हा तासभर तसाच पडून राहिला. तेव्हाच शंका आली होती."

"पण नुसतं टोचलं तर एवढं," आबा म्हणाला. "खाल्ला असता तर?"

 बाई सामान आवरायला लागल्या.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब घरी आला. बाहेरच्या बाकावर बसला. त्याने चहा नको म्हटलं, मग घेतला, मग तो तसाच निवू दिला. त्याच्या हातात कागद होता.

"आबा, साक्षीदार म्हणून तुमची सही व्हायची आहे. काल राहिली."

"दे, करतो."

साहेबाने कागद दिला नाही. "एक विचारू? काल काटाघरात यायच्या आधी सूनबाई शेडमध्ये गेल्या होत्या का? हाताला शेंगांची धूळ लागली असेल. किंवा मध्येच खाजवलं असेल. तसं काही असेल तर इथं खाली दोन ओळी लिहायच्या. मग ही चाचणी धरत नाहीत. दुसरं माणूस बघू, कुठूनतरी मिळेल. कुणाचाही हात इतका..." त्याने वाक्य सोडलं. "एक मोसम तरी मिळेल. पाईप राहील."

दारात सासूबाई उभ्या होत्या. पंपवाला पाना पुसत होता, तोच तोच पाना पुसत राहिला. सूनबाई म्हशीला पाणी दाखवत होती. तिने मान वर केली नाही, पण म्हैस पाणी पिऊन कधीच बाजूला झाली होती आणि ती बादली धरून उभीच होती.

"तुम्हाला काय अवघड आहे आबा?" साहेब हळू म्हणाला. "एक गोष्ट तर सांगायची. आयुष्यभर सांगत आलात."

आबाने खिशातून चष्मा काढला. एका काडीला दोरा बांधलेला. तो कानाला अडकवायला त्याला वेळ लागला.

"हे बघ साहेब," तो म्हणाला. "मी हत्तीएवढी थाप मारतो. चालत्या आगगाडीएवढी मारतो. मारली की माणसं हसतात आणि आपापल्या घरी जातात. ही तू सांगतोस ती दोन ओळींची आहे. तिच्यावर कुणी हसणार नाही. ती ऐकून माणसं दाणा खातील." त्याने हात पुढे केला. "अकरा मिलिमीटर होता. मी पट्टी बघितली. तिची शिट्टी पण ऐकली. आण कागद."

साहेबाने एकदा सासूबाईंकडे पाहिलं. बाकीच्या घरातून मदत येईल असं त्याला वाटलं असावं. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. मग कंबरेवर हात ठेवून आत गेल्या आणि आतून भांडं आपटल्याचा मोठा आवाज आला. साहेबाने कागद दिला.

आबाने सही केली. निवलेला चहा साहेबाने एका घोटात संपवला आणि जाताना तो जाळीपाशी बराच वेळ थांबला. रोपांशी काही बोलला की नाही, ते आबाने नंतर कुणाला सांगितलं नाही.

*

रोपं उपटायला पाच दिवस लागले. मुळासकट उपटायचं, नंबराची पट्टी काढायची, कागदावर खूण करायची, खड्ड्यात टाकायचं. शेंगा भरत आल्या होत्या. पंपवाला वाकून उपटत होता आणि दर ओळीला एक शिवी देत होता, पण कुणाला द्यायची ते न कळल्यामुळे ती मातीलाच द्यावी लागत होती. सूनबाईला जाळीच्या आत यायची मनाई होती. ती बाहेर बसून खुणा करत होती. तोंडाला फडकं, हातावर अजून पिवळट डाग.

जाणारी-येणारी माणसं कुंपणापाशी थांबत.

"आबा, ऐकलं ते खरं? केवढा उठला होता?"

"अकरा मिलिमीटर."

"अहो, आम्हाला तरी खरं सांगा."

"अकरा. पट्टीनं मोजलाय."

माणसं एकमेकांकडे बघत. आबा काहीतरी लपवतोय हे स्पष्ट होतं. आठवड्याच्या आत गावाने तो चट्टा ताटाएवढा केला, आणि या वेळी त्यात आबाचा एका शब्दाचाही हात नव्हता.

सहाव्या दिवशी केंद्राची गाडी आली. दोघांनी पाईप सोडवला आणि गुंडाळत गुंडाळत घराच्या मागून नेला. पाईपाच्या तोंडातून उरलेलं पाणी ओघळत होतं. सासूबाई बादली घेऊन त्या तोंडाबरोबर गाडीपर्यंत चालत गेल्या. अर्धी बादली भरली. ती त्यांनी वाफ्यात न घालता घरात नेऊन झाकून ठेवली.

संध्याकाळच्या आधी दोन घागरी आणि दोन बादल्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. सासूबाईंनी पदर खोचला. सूनबाईने त्यांच्या हातातली घागर काढून घेतली. "बसा तुम्ही."

"तुझा हात..."

"हात बरा आहे. बसा म्हटलं ना."

सासूबाई बसल्या. बाकाच्या कडेवरच, केव्हाही उठता येईल अशा.

आबा दोन बादल्या घेऊन सूनबाईच्या मागे निघाला. पंपवाला घागर घेऊन पुढे गेला होता, तो टेकडीवर लहानसा दिसत होता. ऊन अजून पाठीवर होतं. घराकडून जाणारी ही वाट दगडांची होती आणि दोन वर्षांत घरातलं कुणी न चालल्याने तिच्यावर काटे वाढले होते. घागर एका कमरेवरून दुसरीवर घेताना सूनबाई थांबली.

"आबा, विहीर किती लांब आहे हो? तुमची चप्पल सोडून सांगा."

"इथून सातशे चाळीस पावलं," आबा म्हणाला. "मोजलीत मी. आणि पुढचा चढ."

तिने वर पाहिलं. कपाळावरचा घाम तिने त्याच डाव्या हाताने पुसला.

"आबा, आज थोडं खोटं बोललात तरी चालेल."

आबा तिच्याजवळ येऊन उभा राहिला. त्याने वाटेकडे पाहिलं, टेकडीकडे पाहिलं. दम लागला होता, तो त्याने जरा बसू दिला.

"इथंच तर आहे गं," तो म्हणाला. "ही बघ. दोन पावलं."